सूत्रसंचालन तिचे, भाषण त्याचे

मा. कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव
यांस,



गेल्या हिवाळ्यात खान्देशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन दिवसांची राष्ट्रीय तंत्रज्ञान परिषद झाली. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण जे झाले त्यात मोठा वाटा माझाच आहे. त्या परिषदेची सहसंयोजक मी होते. वक्त्यांची यादी माझ्याच अक्षरात तयार झाली होती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी साडेआठला सूत्रसंचालन करणारी आमची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी निवेदनाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरची पावरा समाजाची मुलगी. वसतिगृहातल्या मैत्रिणीकडून मागून आणलेली साडी नेसली होती, पदराला तीन पिना लावल्या होत्या. कागद तिने स्वच्छ लिहिला होता. म्हणाली, ‘मॅडम, एकदा बघून द्या. ‘आदरणीय सर’ हे वाक्य मी एकदाच लिहून ठेवलंय, पुढे फक्त नाव बदलत जाते. ‘मॅडम’ म्हणायची वेळ कुठं येत नाही ना?’ तिला काहीही सुचवायचे नव्हते, तिला फक्त चूक टाळायची होती. मी प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सकडे पाहिले. नऊ वक्ते, नऊ फोटो, नऊही पुरुष. टेबलावर दीपप्रज्वलनासाठी सरस्वती आणि सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरी होत्या, त्यांना हार घातलेले होते.

पुढचे दोन दिवस मी एकच गोष्ट बघत राहिले. रांगोळी मुलींनी काढली. नोंदणीच्या टेबलावर मुली, ओवाळायला मुली, पुष्पगुच्छाचे ताट धरायला मुली, स्वागतगीताला मुली, आभार मानायलाही मुलगीच. स्टेजच्या पायऱ्या दिवसभर मुलीच चढत-उतरत होत्या. पण माइकसमोर चाळीस मिनिटे उभे राहून विषय मांडायचा हक्क त्यांतल्या एकीलाही नव्हता. समोर बसलेल्या श्रोत्यांत साधारण निम्म्या मुली होत्या. आमच्या संगणक विभागात त्या तेवढ्या आहेतच.

हे पत्र तक्रार म्हणून लिहीत नाही. विद्यापीठाच्या नावाने, सहकार्याने किंवा आशीर्वादाने जळगाव-धुळे परिसरात वर्षभर जितक्या परिषदा, कार्यशाळा, चर्चासत्रे होतात, त्यांची व्यासपीठे कशी भरायची याचा विचार एकदा आपल्या पातळीवर व्हावा, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आधी यादी कशी तयार होते ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटते, संयोजक बायकांना मुद्दाम वगळत असतील. तसे काही होत नाही. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये चहा येतो आणि कुणीतरी विचारते, ‘ओळखीचं कोण आहे?’ एकाचा बॅचमेट मुंबईत असतो. एकाचा माजी विद्यार्थी हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर असतो. प्लेसमेंट बघणारे सर म्हणतात, अमुक कंपनीचा माणूस बोलवा, म्हणजे पुढच्या वर्षी ती कंपनी कॅम्पसला येईल. ही चिंता खोटी नाही. खान्देशातल्या महाविद्यालयात पुण्याची कंपनी यावी म्हणून किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात ते मला माहीत आहे. मग ती कंपनी आपला सर्वांत वरचा माणूस पाठवते, आणि वरच्या खुर्च्यांवर आजही बहुतेक पुरुषच बसलेले आहेत. दोन दुपारी आणि वीस फोनमध्ये यादी पूर्ण. त्यात कुणाच्याही मनात पाप नसते. पण ओळखीच्या वाटेने गेले की माणूस आपल्यासारख्याच माणसाच्या दारात पोहोचतो.

आम्ही एका बाईंना फोन केला होता, हेही सांगायला हवे. पुण्यात डेटाबेसवर अनेक वर्षे काम केलेल्या, मूळच्या धुळ्याच्या. एका वक्त्याने ऐनवेळी नकार दिल्यावर, परिषद अकरा दिवसांवर आली असताना, मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, ‘दोन महिने आधी सांगितलं असतं तर सुट्टी आणि घर दोन्हीची सोय केली असती.’ त्या येऊ शकल्या नाहीत. संध्याकाळच्या बैठकीत मी सांगितले, ‘बाईंना विचारलं होतं, जमत नाही म्हणाल्या.’ आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली. पुरुष वक्त्यांना तीन महिने आधी फोन गेले होते. ‘बायका येतच नाहीत’ हे आमच्या क्षेत्रातले वाक्य असेच तयार होते, आणि त्या संध्याकाळी ते तयार करायला मी हातभार लावला.

आपल्यालाच हे पत्र का, तर आपल्या विद्यापीठाच्या नावामुळे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. १८८० साली आसोद्यात जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, शेतात आणि जात्यावर गाणी रचणाऱ्या बाईचे नाव. ती गाणी उरली, कारण त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्या मंडळींनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने त्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ मध्ये. आपल्या नावाचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही, आणि एवढी मोठी कवयित्री गावात राहत असताना तिला कधी व्यासपीठावर बसवावे असे कुणाच्या मनात आलेले दिसत नाही. त्यांच्या वेळी ते कळायला मार्ग नव्हता असे म्हणता येईल. आज विद्यापीठाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर त्यांचे नाव छापलेले असताना आपल्याला तसे म्हणता येणार नाही.

आता गुणवत्तेच्या मुद्द्याकडे येते, कारण हा विषय काढला की पहिला प्रश्न तोच असतो. आमच्या स्टाफरूममध्येही तोच आला. ‘वक्ता बाई आहे की बुवा, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, हे बघायचंच कशाला? विषय कुणाला येतो ते बघा.’ हे म्हणणारे माझे सहकारी मनाने चांगले आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कच्चे भाषण ऐकायला मुलांना दोन दिवस बसवून ठेवणे हा मुलांवरचा अन्याय आहे. पण मी त्यांना विचारले, आपल्या नऊ वक्त्यांची गुणवत्ता आपण कशी तपासली? कुणाचे भाषण आधी ऐकले होते? कुणाकडून गोषवारा मागवला होता? उत्तर आले नाही, कारण आम्ही काहीच तपासले नव्हते. तीन भाषणे खरोखर उत्तम झाली. दोघांनी कंपनीची जाहिरात केली. एकांनी दहा वर्षांपूर्वीच्या स्लाइड दाखवल्या आणि त्यावरची जुनी तारीखसुद्धा बदलली नव्हती. तेव्हा गुणवत्तेची आठवण बाईचे नाव निघाल्यावरच होत असेल, तर तिला गुणवत्तेची काळजी म्हणता येत नाही.

महाराष्ट्राने हा वाद आधीही ऐकला आहे. पंचायत राज्यात स्त्रियांना आधी एक तृतीयांश आणि २०११ मध्ये निम्म्या जागा राखीव झाल्या तेव्हा ‘बायकांना गावगाड्यातलं काय कळतं’ हेच म्हटले गेले होते. आज धुळे-जळगावच्या खेड्यांत पाण्याच्या टाकीसाठी जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवणाऱ्या सरपंचबाई मी स्वतः पाहते. नवऱ्याच्या हाती कारभार देणाऱ्याही पाहते. दोन्ही आहेत. पण पहिल्या प्रकारच्या बाई दिसल्या त्या खुर्ची मिळाल्यावरच.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न निघाला आणि त्यावर काम झाले. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये रुबी या संगणकभाषेच्या एका परिषदेची यादी जाहीर झाली. सगळे वक्ते गोरे पुरुष. टीका झाली, वाद पेटला आणि परिषदच रद्द झाली. मला हा शेवट चांगला वाटत नाही. परिषद रद्द होऊन कुणाचेच भले झाले नाही, ज्यांना बोलायला मिळायला हवे होते त्यांचे तर नाहीच. त्याच वर्षी बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या परिषदेने दुसरी वाट धरली. संयोजकांनी बायकांना स्वतः लिहून प्रस्ताव पाठवायला सांगितले, आणि निवड करताना प्रस्तावावरची नावे झाकून टाकली. निवड पूर्ण झाली तेव्हा वक्त्यांत चौथा हिस्सा स्त्रिया होत्या. पायथन या भाषेच्या अमेरिकेतल्या मोठ्या परिषदेत, पायकॉनमध्ये, २०११ साली शंभर वक्त्यांत एखादीच बाई असे. संयोजक गप्प बसले नाहीत, एकेकीला पत्रे लिहिली, पहिल्यांदा बोलणाऱ्यांना प्रस्ताव लिहायला मदत केली. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलला परिषद भरली तेव्हा वक्त्यांत एक तृतीयांश स्त्रिया होत्या, आणि २०१६ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत बायकांची बुद्धी चाळीस पट वाढली असे कुणी म्हणणार नाही. विचारणा वाढली होती.

आपल्याकडच्या मुलींच्या संख्येकडेही पाहावे. २०१९-२० च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात बी. टेक. करणाऱ्यांत मुली सुमारे २९ टक्के होत्या. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले आहे. म्हणजे सरकार मुलीची फी भरून तिला वर्गात आणते, आणि वर्गातून सभागृहात आल्यावर आपण तिच्या हातात पुष्पगुच्छाचे ताट देतो.

व्यासपीठावर कोण बसणार हा वाद मराठी माणसाला नवा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने ग्रंथकारांचा पहिला मेळावा १८७८ मध्ये पुण्यात भरला. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांना गेले तेव्हा त्यांनी जायला नकार दिला आणि कारणे पत्रात स्पष्ट लिहिली. शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाशी ज्या सभेला देणेघेणे नाही, तिच्यात आपले काम नाही, असा त्या पत्राचा आशय होता. मराठीतले हे सर्वांत महत्त्वाचे खुले पत्र आहे असे मी मानते. या मेळाव्यातूनच पुढे उभ्या राहिलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी स्त्री बसायला १९६१ साल उजाडले. ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. पहिल्या मेळाव्यानंतर ८३ वर्षांनी. मग १९७५ मध्ये कऱ्हाडला दुर्गा भागवत, पुढे शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वे संमेलन आपल्या अमळनेरला प्रताप महाविद्यालयात भरले, तोपर्यंत या पाचच. २०२५ मध्ये दिल्लीच्या संमेलनात तारा भवाळकर सहाव्या झाल्या. स्त्रियांनी लिहिले नव्हते म्हणून असे झाले का? मराठी वाचणारा कुणीही याचे उत्तर देईल.

विज्ञानाचे तर आणखी कठीण. दुर्गाबाईंची धाकटी बहीण कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या. मग एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर घेतले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. त्यांचे काम पाहिल्यावर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन यांच्यासारख्या नोबेल मिळवलेल्या माणसाचाही अंदाज इथे चुकला, तर आमच्यासारख्या संयोजकांचा चुकणार नाही हे कशावरून?

आता एक धोका सांगते, कारण माझ्या मागणीचा सोपा अर्थ काढला जाण्याची मला भीती वाटते. पत्रक छापताना एक बाई, एक आदिवासी, एक अल्पसंख्य अशी नावे भरून टाकायची आणि काम झाले असे समजायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेव्हटर्निटी नावाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे प्रकरण उघडकीला आले. वक्त्यांच्या यादीत दाखवलेल्या बायकांपैकी काही मुळात अस्तित्वातच नव्हत्या. नाव बनावट, चेहरा बनावट. ते कळल्यावर खऱ्या वक्त्यांनी अंग काढून घेतले आणि परिषद बारगळली. आपल्याकडे एवढे कुणी करणार नाही. पण ८ मार्चला ‘तंत्रज्ञान आणि महिला सक्षमीकरण’ असे एक सत्र ठेवून तिथे एका बाईंना बोलवायचे, आणि नेटवर्क सुरक्षा, मशीन लर्निंग, क्लाउड या विषयांना वर्षभर पुरुषच बोलवायचे, हे मी खूप पाहिले आहे. जिला क्लाउड येतो तिला क्लाउडवरच बोलू द्यावे. आपण बाई असूनही इथवर कशी आले, ही कहाणी तिने दर वेळी सांगत बसावे अशी अपेक्षा ठेवू नये.

खान्देशात तंत्रज्ञान म्हटले की फक्त संगणक येत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावलच्या बागा ठिबकवर उभ्या आहेत, आणि शेतीतल्या नव्या यंत्रणांवर इथे सतत मेळावे होतात. दोन वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातल्या अशाच एका मेळाव्याला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. एक तरुण अभियंता मोबाइलवरून मोटर आणि व्हॉल्व्ह कसे चालवायचे ते दाखवत होता. चांगले दाखवत होता. मागे बागेत काम करणाऱ्या पाच-सहा बायका बसल्या होत्या, जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांतल्या एका वयस्कर बाईंना मी चहाच्या वेळी विचारले, नळी बुजली तर तुम्हाला कसे कळते? त्या म्हणाल्या, बाग मोठी झाली की पानांच्या सावलीत नळी दिसत नाही. आम्ही अनवाणी फिरतो. पायाला जिथे ओल लागत नाही तिथे थांबायचे, वाकून बघायचे. पांढरे क्षार धरलेले असले तर सांगायचे, आम्ल सोडा म्हणून. शेवाळ असले तर नळीचे शेवटचे तोंड उघडून गढूळ पाणी जाऊ द्यायचे.

मोबाइलवर मोटर चालू आहे, दाबही ठीक आहे असे दिसते, आणि मधल्या ओळीतले एक झाड तहानलेले राहते. ती तूट भरून काढणारी माहिती त्या बाईंच्या तळपायात होती. त्या सभागृहात त्यांना दहा मिनिटे दिली असती तर माझे विद्यार्थी सेन्सर कुठे लावायचा ते शिकले असते. तेव्हा मला ते सुचले नाही. घरी येताना बसमध्ये सुचले.

साहित्य संमेलन भरले त्या अमळनेरातच १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची गिरणी काढली, आणि तिचीच पुढे विप्रो झाली. मुलांना मी हे दर वर्षी सांगते, कारण त्यांना वाटते की संगणकाचे जग पुण्या-बंगळूरला जन्मते आणि आपण फक्त तिथे नोकरी मागायला जायचे. बाहेरून पाहुणे आणून व्यासपीठ भरण्यामागेही हाच समज आहे. मुंबईहून येणाऱ्या वक्त्याला आम्ही वातानुकूलित डब्याचे तिकीट देतो, हॉटेल देतो, मानधन देतो, वर शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. देऊ नये असे नाही, पाहुण्याचा मान राखलाच पाहिजे. पण साक्रीच्या, चोपड्याच्या, शिरपूरच्या वक्त्याला बसभाडेसुद्धा विचारत नाही, ‘आपलाच तर आहे’ म्हणून.

आणि भाषा. परिषदेची भाषा इंग्रजीच असणार, हे आम्ही न बोलता धरून चाललेले असतो. त्या पावरा मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी पाहिला होता. पाड्यावरच्या बायांना लसीकरणाची तारीख पावरी बोलीतून आवाजी संदेशाने कळवायची व्यवस्था तिने केली होती. वाचता न येणाऱ्या माणसाला लेखी संदेशाचा उपयोग नाही, म्हणून आवाज. आवाज तिच्या आईचा. कारण पाड्यावर तो आवाज सगळे ओळखतात आणि ऐकून घेतात, अनोळखी आवाज आला की फोन ठेवून देतात. या एका गोष्टीत वापरणाऱ्याला समजून घेण्याचा जेवढा विचार आहे, तेवढा आमच्या नऊ भाषणांपैकी बहुतेकांत नव्हता. मी तिला परिषदेच्या आधी एकदा विचारले होते, तू हे मांडशील का? तिच्या शेजारी बसलेली तिची मैत्रीण, साक्रीची, अहिराणीतच म्हणाली, ‘माले भ्याव वाटस, मॅडम, इंग्रजीना.’ ही मात्र काहीच बोलली नाही. मीही पुढे काही बोलले नाही. इंग्रजीत कशाला, मराठीत मांड, गरज पडली तर पावरीत मांड, मी शेजारी उभी राहून अर्थ सांगते, एवढे म्हणायला मला काय झाले होते? सूत्रसंचालन तिने मराठीतच केले, आणि सभागृहातल्या प्रत्येकाने तिचे कौतुक केले. त्याच तोंडाने, त्याच भाषेत ती आपले काम सांगू शकली असती.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरले ते आपल्या फैजपूरला. शहरातली सभा गावाकडे आणता येते हे खान्देशने देशाला दाखवले आहे.

म्हणून माझ्या विनंत्या अशा. विद्यापीठाचे नाव किंवा सहकार्य ज्या परिषदेला हवे असेल, तिने वक्त्यांसाठी खुले आवाहन निदान तीन महिने आधी जाहीर करावे, मराठीत आणि इंग्रजीत. प्रस्तावांची पहिली चाळणी नाव, महाविद्यालय आणि गाव झाकून व्हावी. निवडणाऱ्या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि ग्रामीण महाविद्यालयातले कुणीतरी असावे, कारण ओळखीची वाट तिथूनच फुटते. आवाहन करून भागणार नाही, हेही मी अनुभवाने सांगते. मुली अर्ज करत नाहीत. शंभर टक्के येत असल्याशिवाय हात वर करायचा नाही असे त्यांना घरातून आणि वर्गातून शिकवलेले असते. म्हणून प्रत्येक महाविद्यालयातल्या एका शिक्षकाने नाव घेऊन विचारावे, गोषवारा लिहायला शेजारी बसावे, भाषणाची तालीम करून घ्यावी. मराठीतून मांडलेल्या कामाला इंग्रजीइतकेच गुण आणि तेवढाच वेळ मिळावा. वक्ता जळगावचा असो वा मुंबईचा, भाडे आणि मानधन एकाच नियमाने द्यावे. विद्यार्थिनींची सत्रे दुपारी तीनच्या आत संपवावीत. बोराडीसारख्या गावाकडची गाडी चुकली तर मुलीला मुक्कामाला जागा नसते, आणि पुढच्या वेळी घरून परवानगीही मिळत नाही. ‘आविष्कार’ स्पर्धेत दर वर्षी मुली उत्तम संशोधन मांडतात. त्यांतल्या निवडकांना पुढच्या परिषदेत वक्ता म्हणून बोलवायला तर एका पत्राखेरीज काहीच लागणार नाही.

आणखी एक, लहान वाटणारी पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ओवाळणे, पुष्पगुच्छ आणि सूत्रसंचालन या कामांची यादी करताना निम्मी नावे मुलांची असावीत.

यातले काहीही एका वर्षात पूर्ण होणार नाही, हे मला कळते. पहिल्या वर्षी काही भाषणे अडखळतील. कुणी घाबरून मध्येच थांबेल. आमच्या नऊ पाहुण्यांपैकी दोघेही अडखळले होते, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवून त्यांना सांभाळून घेतले होते. तेवढेच सांभाळून या मुलींना घ्यायचे आहे.

ती मुलगी आता पदवी घेऊन बाहेर पडली आहे. पुण्यात नोकरी शोधते आहे. तिच्या अर्जात परिषदेचा उल्लेख आहे, मीच तो तपासून दिला: ‘राष्ट्रीय परिषदेत सूत्रसंचालन’. तिथे ‘राष्ट्रीय परिषदेत प्रकल्पाचे सादरीकरण’ असे लिहिता आले असते तर मुलाखत घेणाऱ्याने तिला आवाजी संदेशाबद्दल विचारले असते. तो कागद मी तिच्या हातात दिला तेव्हा तिने ‘धन्यवाद मॅडम’ म्हटले. मला वर बघवले नाही.

आमच्या विभागाची पुढची परिषद फेब्रुवारीत आहे. वर लिहिलेल्या गोष्टींपैकी जेवढ्या माझ्या हातात आहेत तेवढ्या मी करणार आहे. वक्त्यांसाठीचे आवाहन मराठीत लिहून तयार आहे आणि तिला पहिले पत्र मी पाठवले आहे, वक्ता म्हणून, जाण्यायेण्याच्या भाड्यासह. पण एका विभागाने केलेले त्या विभागापुरतेच राहते. आपण केले तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोहोचेल.

२४ ऑगस्टला बहिणाबाईंची जयंती असते. येत्या जयंतीला विद्यापीठाने या विषयाचे परिपत्रक काढावे, ही आपल्याला नम्र विनंती.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक प्राध्यापिका,
धुळे जिल्हा